हजामत आणि हिजामा

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. काम नसलेला माणूस काहीतरी उचापती करत बसला की ही म्हण घरातलं कुणीतरी हमखास ऐकवतं. पण तुंबडी म्हणजे नेमकं काय आणि ती न्हाव्याकडेच का, असं विचारलं तर ऐकवणाराही थबकतो. वाळलेल्या भोपळ्याची नाहीतर जनावराच्या शिंगाची ती पोकळ वाटी. दुखऱ्या जागी ती पालथी घालायची, आतली हवा तोंडाने ओढून किंवा पेटत्या वातीने काढून टाकायची, की कातडी फुगून वाटीत चढते. मग वस्तऱ्याने बारीक फासण्या मारायच्या, वाटी पुन्हा चिकटवायची आणि काळपट रक्त ओढून घ्यायचं. न्हाव्याकडे वस्तरा होता, हात स्थिर होता आणि गिऱ्हाईक त्याच्यापुढे मान खाली घालून निमूट बसायला सरावलेलं होतं. कंबर धरलेल्या माणसाला याहून जवळचा वैद्य गावात कुठे मिळणार? ज्या दिवशी गिऱ्हाईकच नाही आणि हात तर शिवशिवतायत, त्या दिवशी मग उरली ती भिंत.

मराठीतला दुसरा एक शब्द हीच गोष्ट आणखी उघडपणे सांगतो. अरबीत हिजामा म्हणजे तुंबडी लावणं आणि हज्जाम म्हणजे ती लावणारा. केस कापणाऱ्यासाठी अरबीत वेगळाच शब्द आहे. पण फारसी-उर्दूच्या वाटेने हा शब्द दख्खनमध्ये उतरला तोवर वस्तरा आणि तुंबडी एकाच माणसाच्या धोकटीत गेली होती. हज्जामाचा हजाम झाला आणि तो जे करतो ती हजामत. रक्त काढण्याचं नाव दाढीला चिकटलं आणि रक्ताचा भाग लोक विसरूनही गेले. आज छत्रपती संभाजीनगरच्या गल्ल्यांतून ‘हिजामा’ अशा पाट्या पुन्हा दिसतात. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या वाट्या, हवा ओढायला छोटा पंप, एकदाच वापरायचं पातं. शेजारच्या सलूनशी आपलं जुनं नातं आहे, हे त्या पाटीच्या गावीही नसतं.

कंबरेच्या दुखण्याचा इतिहास सांगायला हे शहर योग्य आहे, कारण इथे कंबर मोडणारे धंदे चारशे वर्षांत एकापाठोपाठ एक आले आणि प्रत्येकाने आपापला उपचार शोधला.

पहिला धंदा मागाचा. मलिक अंबरने १६१० मध्ये खाम नदीकाठच्या खडकी गावी शहर वसवलं. १६५३ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आला आणि त्या शहराचं, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचं, नाव औरंगाबाद झालं. दरबार आला तसे रेशमाचे, मश्रूचे आणि हिमरूचे विणकर इथे बहरले. हिमरूची कला मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादला हलवली तेव्हाच्या कारागिरांपर्यंत नेणारी आख्यायिका शहरात आवडीने सांगतात. दक्षिणेला पन्नासेक किलोमीटरवर पैठण आणि तिथली पैठणी. कापडं वेगवेगळी, पण बैठक एकच: खड्ड्याचा माग. विणकर जमिनीलगत बसतो, पाय खाली खड्ड्यातल्या पावड्यांवर. पाठीला टेकू नाही. धोटा फेकायला एका बाजूला झुकायचं, झेलायला दुसऱ्या बाजूला, मग पुढे वाकून फणी ठोकायची. एका भरजरी पैठणीला महिनोन्महिने लागतात, म्हणजे हे झुकणं लाखो वेळा होतं. खड्ड्यातली ओल सुताला मानवते, ते तुटत नाही. माणसाच्या सांध्यांना ती तितकीशी मानवत नाही.

१७०० साली औरंगजेबाची फौज सातारच्या किल्ल्याला वेढा घालून बसली होती. त्याच वर्षी इटलीतल्या मोदेना शहरात बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने कारागिरांच्या आजारांवरचं आपलं पुस्तक छापलं. रोग्याला काय काय होतंय ते तर विचाराच, पण तू धंदा कोणता करतोस हेही विचारा, असा त्याचा आग्रह होता. विणकरांच्या हातापायांना आणि पाठीला किती ताण पडतो, दिवसभर वाकून बसणाऱ्या शिंप्यांचे पाय कसे बधिर होतात, हमालांची पाठ कशी वाकते, हे सगळं त्याने लिहिलं. दुखण्याचं कारण ग्रह, पापं आणि दोष यांच्याऐवजी बैठकीत शोधणारा तो युरोपातला पहिला मोठा माणूस. औरंगाबादच्या विणकराला त्याची खबर असण्याचं कारणच नव्हतं. त्याला आपली बैठक ठाऊक होती, पण बैठक बदलणं त्याच्या हातात नव्हतं. हाती होता तो हकीम, नाहीतर वैदू, नाहीतर न्हावी.

हकिमाच्या शास्त्रात कंबरेतून मांडीमागे उतरणाऱ्या कळेला ‘इर्कुन्निसा’ असं नाव आहे. वैद्याच्या शास्त्रात तिलाच ‘गृध्रसी’ म्हणतात, कारण रोगी गिधाडासारखा पाय टाकत चालतो. नावं दोन, दवाखाने दोन, पण उपाय पाहिले तर भिंत फार पातळ होती. सुश्रुताने रक्त काढायला शिंग, भोपळा आणि जळू अशी तीन साधनं सांगितली आणि वाताच्या दुखण्याला शिंग योग्य मानलं. यूनानी परंपरेत कोरडी आणि ओली अशी दोन प्रकारची तुंबडी, म्हणजे फासण्यांशिवायची आणि फासण्यांसकटची. वैद्याकडे महानारायण तेल आणि योगराज गुग्गुळ, हकिमाकडे बाबूनाचं रोगन, म्हणजे तेल, आणि सुरंजानची माजून, म्हणजे चाटण. अठराव्या शतकात पहिल्या निजामाची राजधानी याच शहरात होती. पुढे ती हैदराबादला गेली तरी १९४८ पर्यंत मराठवाडा निजामी अंमलात राहिला आणि त्या अंमलात यूनानीला राजाश्रय होता. त्यामुळे पुण्यात किंवा नाशकात जे अनोळखी वाटेल ते इथे रोजचं: बायको वैद्याचा काढा करून देते आणि नवरा हकिमाचं रोगन चोळून घेतो. जिल्ह्यात आजही कांचनवाडीला आयुर्वेद महाविद्यालय आहे आणि कन्नड तालुक्यातल्या कुंजखेड्याला यूनानी.

शास्त्राच्या खालच्या थरात मात्र खरी गंमत आहे.

मराठी मुलखात कंबरेत ‘उसण भरते’. वाकून काही उचललं, चमक गेली आणि माणूस तसाच वाकडा राहिला, की घरातलं कुणीतरी ‘पायाळू’ माणूस शोधायला निघतं. पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो. त्याने दुखऱ्या जागी पाय लावला, हलकी लाथ मारली की उसण उतरते, हा समज मराठवाड्यापासून कोकणापर्यंत पसरलेला आहे. पायाळू माणूस पैसे घेत नाही. तो मास्तर असेल, शेतमजूर असेल, नाहीतर शेजारची सात वर्षांची मुलगी असेल. पोक्त माणसं पोरीपुढे पालथी झोपून लाथ मागतायत, असं दृश्य आपल्या समाजात दुसऱ्या कोणत्याही कारणाने घडत नसेल. आणि उसण खरंच उतरते. एकाएकी धरलेली कंबर बहुतेकांच्या बाबतीत काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपोआप सुटते. तिसऱ्या दिवशी जो उपाय केला, श्रेय त्याच्या पदरात. न्हाव्याची तुंबडी, हकिमाचं रोगन आणि पुढे येणाऱ्या कितीतरी शहाण्या उपचारांनी याच श्रेयावर आपले संसार उभे केले आहेत. त्यात पायाळूची लाथ निदान फुकट होती.

बिब्ब्याचं तसं नव्हतं. बिब्ब्याचं तेल कातडीला जाळतं, फोड आणतं. धोब्यांना कपड्यांवर खुणा करायला ते चालायचं. हेच तेल दुखऱ्या कंबरेवर फुलीसारखं ओढायचं. वरच्या आगीने आतलं दुखणं झाकून जातं, हे त्यामागचं तत्त्व. ते तत्त्व अडाणी नाही. त्वचेला चरचर देऊन खोलचं दुखणं दबवणारे मिरचीचे लेप आजही जगभर वापरले जातात, आणि १८९३ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या अमृतांजनापासून पुढच्या सगळ्या बामांचा भर त्याच चरचरीवर. फरक मात्रेचा. बिब्बा उतला की जखम चिघळायची आणि कंबर विसरून माणूस तेच निस्तरत बसायचा. बिब्बा घालणं म्हणजे चाललेल्या कामात विघ्न आणणं, असा वाक्प्रचार मराठीत आहे. तो ज्याने घडवला त्याची कातडी बहुधा पोळलेली असावी.

मागानंतर मोंढा. निजामी काळापासून मराठवाड्यात धान्याच्या, कापसाच्या आणि तेलबियांच्या बाजाराला मोंढा म्हणतात. जुना मोंढा शहराच्या पोटात होता, नवा बाजार जाधववाडीला गेला. ट्रकमधून पोतं पाठीवर घ्यायचं, आकडा लावायचा, फळीवरून चढायचं आणि गोदामात थप्पी लावायची. विणकराची कंबर झुकून झुकून हळूहळू जायची, हमालाची एका झटक्यात. पोतं एका क्विंटलचं, म्हणजे शंभर किलोचं. उचलणारा स्वतः बहुधा साठ किलोच्या आतला.

हमालाचा उपचार म्हणजे संध्याकाळचं मालिश. तिळाचं किंवा मोहरीचं तेल, गरम विटेचा किंवा मिठाच्या पुरचुंडीचा शेक, एरंडाचं पान तव्यावर गरम करून कंबरेला बांधणं, वर घट्ट उपरणं. सकाळी पुन्हा मोंढ्यात. इथे एक गोष्ट नजरेत भरते, आणि ती कुठल्याही औषधीग्रंथात नाही: हे सगळे उपाय सूर्य मावळल्यावर करता येतात. ‘पंधरा दिवस पडून राहा’ हा सल्ला हमालाच्या कामाचा नव्हता, कारण पंधरा दिवसांचं पोट कोण भरणार? रोजंदारीच्या माणसाकडे टिकून राहिलेला उपचार आणि सुटून गेलेला उपचार यांतला फरक गुणाचा कमी आणि वेळेचा जास्त. तुंबडी अर्ध्या तासात होते. पायाळू तर पाच मिनिटांत मोकळं करतो.

या कंबरेसाठी सगळ्यात मोठी गोष्ट घडली ती दवाखान्याबाहेर. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना एकत्र आणलं आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला. मंडळं, नोंदणी, भविष्य निर्वाह निधी असं संरक्षण हमालांच्या वाट्याला पहिल्यांदा आलं. त्याआधी दोन वर्षं, १९६७ मध्ये, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने माणसाने उचलण्याच्या वजनावर ठराव करून पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सुचवली होती. शंभर किलोचं पोतं जाऊन पन्नास किलोची गोणी यावी, यासाठी हमाल संघटना वर्षानुवर्षं भांडल्या आणि धान्याच्या, साखरेच्या व्यवहारात पन्नासची गोणी रुळलीही. कंबरेवरच्या पूरक उपचारांच्या कुठल्याही यादीत गोणीचं वजन घातलेलं आढळत नाही. घालायला हवं होतं.

मग कारखाने आले. आधी रेल्वे स्टेशनजवळची औद्योगिक वसाहत, मग चिकलठाणा, मग वाळूज. १९८५ मध्ये बजाज ऑटोने वाळूजला स्कूटरचा कारखाना सोळा महिन्यांत उभा करून सुरू केला आणि त्याच्याभोवती सुट्या भागांच्या लहानमोठ्या कारखान्यांची दाटी झाली. गंगापूर, वैजापूर, पैठण, फुलंब्रीकडची शेतकऱ्यांची पोरं पाळ्यांमध्ये उभी राहिली. आता कंबर दोन प्रकारे जायला लागली. प्रेसवर किंवा जुळणीच्या साखळीवर आठ तास उभं राहून, आणि त्याआधी-नंतर खड्ड्याखड्ड्यांच्या रस्त्याने तासभर मोटारसायकल हाणून. दुसऱ्या कारणाची नोंद कुठल्याच कारखान्याच्या वहीत होत नाही.

कामगाराकडे आता राज्य विम्याचं कार्ड होतं. १९४८ च्या कायद्याने सुरू झालेल्या या विम्यात आजारपणात साधारण सत्तर टक्के मजुरी मिळते, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. पण आजारपणाचे पहिले दोन दिवस सहसा कोरडे जातात, आणि धरलेल्या कंबरेचे सगळ्यात वाईट दिवस नेमके तेच. कंत्राटी माणसाला तर खाडा म्हणजे खाडाच. म्हणून वाळूजमधून सुटलेला माणूसही हमालासारखाच संध्याकाळच्या उपचाराकडे वळला. फक्त आता त्याला निवड फार होती: मालिशवाला, हाडवैद्य, कटिबस्ती करणारा वैद्य, होमिओपॅथ, फिजिओथेरपिस्ट, हिजामावाला आणि सुया टोचणारा. कटिबस्तीत उडदाच्या कणकेचं आळं कंबरेवर थापतात आणि त्यात कोमट तेल भरून ठेवतात. ती घेताना अर्धा तास हलायचं नसतं. दिवसभर पळणाऱ्या माणसाला सक्तीने पालथं पाडणं, हा तिचा गुण तेलाइतकाच मोठा असावा.

याच काळात दुखण्याचं नावही बदललं. उसण गेली, वात गेला. आता ‘मणक्यात गॅप’ आला. या गॅपची मुळं बोस्टनमध्ये आहेत. १९३४ मध्ये मिक्स्टर आणि बार या दोन शल्यविशारदांनी मणक्यांमधली चकती फुटून नस दबते हे दाखवून दिलं. शोध खरा होता, पण नंतर प्रत्येक दुखणाऱ्या कंबरेत चकती शोधायची साथ आली. १९९४ मध्ये अमेरिकेत कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ माणसांचे एमआरआय काढले, तर सगळ्या चकत्या धडधाकट फक्त ३६ टक्के लोकांच्या. उरलेल्यांच्या मणक्यात काही ना काही होतंच, आणि ते मजेत हिंडत होते. आपल्याकडे मात्र फिल्म हातात पडली की माणूस आयुष्यभर ‘गॅपवाला’ होतो, पोराच्या लग्नातही वाकत नाही.

कामगारापुढच्या उपचारांतला शेवटचा सुयांचा, म्हणजे अ‍ॅक्युपंक्चरचा. या सुयांची वाट थेट सोलापूरहून निघते, पण वळसे फार घेते. १९३८ मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला भारतातून पाच डॉक्टर गेले. त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे चोळकर होते आणि बंगालचे विजयकुमार बसू. कोटणीस १९४२ मध्ये तिथेच वारले, व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटाने ते घराघरांत पोचले. कोटणीस स्वतः शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर. सुयांचं शास्त्र शिकले ते बसू, पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन. १९५९ मध्ये कोलकात्यात त्यांनी ते सुरू केलं आणि कोटणिसांच्या नावाच्या स्मारक समितीने पुढे नेलं. सोलापूरच्या ज्या माणसाने अ‍ॅक्युपंक्चर केलं नाही त्याचं नाव भारतातल्या अ‍ॅक्युपंक्चरला कायमचं जोडलं गेलं, ते असं.

दुसरा ओघ कोलंबोहून आला. श्रीलंकेत अँटन जयसूर्या कळुबोविल इथल्या सरकारी रुग्णालयात सुया शिकवत आणि भारतातले अनेक डॉक्टर तिथे जाऊन शिकून येत. औरंगाबादेत इंडियन अकॅडमी ऑफ अ‍ॅक्युपंक्चर सायन्स ही संस्था उभी राहिली आणि मराठवाड्यातलं हे शहर, कुणाला अपेक्षा नसताना, सुयांच्या शिक्षणाचं ठिकाण झालं. सरकार सावकाश मागून आलं. केंद्राने २००३ मध्ये उपचाराची एक रीत म्हणून अ‍ॅक्युपंक्चरला परवानगी दिली, महाराष्ट्राने २०१५ चा अधिनियम केला, आणि २०१९ मध्ये केंद्राने त्याला स्वतंत्र पद्धती म्हणून मानलं. तुंबडी लावणाऱ्या न्हाव्यासाठी असा अधिनियम कुणी केला नाही.

सुयांनी कंबरदुखी थांबते का? या प्रश्नाचं सगळ्यात चमत्कारिक उत्तर जर्मनीने २००७ मध्ये दिलं. जुनाट कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांचे तीन गट केले. एका गटाला शास्त्रोक्त बिंदूंवर सुया, दुसऱ्याला भलत्याच जागी वरवर टोचलेल्या खोट्या सुया, तिसऱ्याला औषधं आणि व्यायामाचा नेहमीचा उपचार. सहा महिन्यांनी पहिल्या गटात ४७.६ टक्क्यांना फरक पडला होता, तिसऱ्यात २७.४ टक्क्यांना. म्हणजे सुया जिंकल्या. पण खोट्या सुयांच्या गटात आकडा होता ४४.२. सुयांचे भक्त पहिला आणि तिसरा आकडा सांगतात, टीकाकार पहिला आणि दुसरा. तिन्ही एका दमात सांगणारा विरळा. पायाळूला हे आकडे दाखवले असते तर त्याला फारसं नवल वाटलं नसतं: कुणीतरी वेळ दिला, हात लावला आणि बरं होईल म्हणाला, तर निम्मं काम तिथेच होतं.

अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१७ मध्ये नव्याने धरलेल्या कंबरेसाठी गोळ्यांच्या आधी शेक, मालिश, अ‍ॅक्युपंक्चर वगैरे करून पाहा, असं सुचवलं. जुनाट दुखण्यासाठी व्यायाम आणि योगासनं. २०२० मध्ये जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख माणसांची कंबर दुखत होती, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज. या संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी पहिल्यांदाच मार्गदर्शिका काढली. तीत दुखण्याविषयी नीट समजावणं, व्यायाम, मालिश, हाताने मणके हलवणं यांना जागा मिळाली. वजनं लटकवून कंबर ताणायला आणि अफूवर्गीय गोळ्यांना नकार मिळाला. कंबरपट्टाही नेहमीच्या उपचारातून काढून टाकला.

मोंढ्यातला हमाल पाठीवर गोणी घेण्याआधी उपरण्याची गाठ एकदा आवळतो. गोणी पन्नास किलोची असते, पण मोजणी नगावर आहे, म्हणून घाईच्या दिवसांत कुणी कुणी दोन एकदम घेतं.